आईच्या पातळावर टाचलेली पत्रं

पत्र : मावशी, मी 28 वर्षांचा, पंचवटीत आईवडिलांकडे राहतो. दिवसा सातपूरच्या कारखान्यात ड्रॉइंग काढतो, रात्री माझं काम. आईच्या जुन्या पातळांच्या गोधड्या शिवतो. एका गोधडीवर मी एका मुलाला कधीच न पाठवलेली पत्रं दोऱ्याने लिहिली आहेत. गोदाघाटावर पहाटे टिपलेले आवाज लावून ती पांघरतो आणि हळूहळू नाचतो. लोक विचारतात, 'हे चित्र, नाटक की शिवणकाम?' मग 'छान' म्हणून निघून जातात. मला तर त्यांच्याशी बोलायचं असतं. पुढच्या महिन्यात एका छोट्या हॉलमध्ये प्रदर्शन आहे. मी क्वीअर आहे हे घरी माहीत नाही, आणि आई म्हणते, 'मी येणारच.' पत्रांची गोधडी लावू का? कामातूनच तिला कळलं तर बरं, असंही वाटतं. – घाटावरचा

उत्तर : बाळा, तुझं शेवटचं वाक्य मी चार वेळा वाचलं आणि मला ते पटलं नाही. प्रदर्शन म्हणजे चारचौघं. शेजारच्या काकू, कारखान्यातले मित्र, हातात चहाचे कप. तिथे तुझी आई आधी स्वतःचं पातळ ओळखणार, मग लेकाचं अक्षर, आणि मग वाचणार. तिला रडू आलं तर ती कुठे रडेल? जे सांगायला तुला इतकी वर्षं लागली, ते ऐकल्यावर तिला निदान स्वयंपाकघराचं दार तरी लोटून घेता यायला हवं.

म्हणून आधी घरी सांग. तेवढं बळ आत्ता नसेल, किंवा वडिलांची भीती असेल, घर सोडावं लागलं तर जायला जागा नसेल, तर ती एक गोधडी या वेळी घडी करून ठेव आणि बाकीच्या लाव. त्यात खोटेपणा नाही. बडोद्याचे चित्रकार भूपेन खक्कर, पेशाने चार्टर्ड अकाउंटंट, आई 1980 मध्ये गेल्यानंतरच पुरुषांवरचं प्रेम उघडपणे रंगवू लागले. तेव्हा त्यांची चाळिशी उलटली होती. 1981च्या त्यांच्या गाजलेल्या चित्रात सज्जात एक नग्न माणूस उभा आहे आणि खाली बाप-लेक-गाढवाची गोष्ट चालली आहे, सगळ्यांना खूश करू पाहणाऱ्यांची. त्यांना भित्रं म्हणायची माझी छाती नाही. पण ते चित्र त्यांच्या आईने पाहिलं नाही, ही हुरहुर मला दर वेळी लागते.

कायद्याची धास्ती मात्र सोड. 6 सप्टेंबर 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांचे परस्परसंमतीचे समलिंगी संबंध, ते गुन्हा ठरवणाऱ्या कलम 377 मधून बाहेर काढले.

'हे नेमकं काय' विचारणाऱ्यांना आपल्या त्र्यंबकेश्वरचे दादासाहेब फाळके सांग. चित्रकला शिकले, फोटो काढले, छपाईत राबले, जादूचे प्रयोग केले, आणि 1913 मध्ये 'राजा हरिश्चंद्र' सिनेमात हे सगळं पडद्यावर एकत्र आलं. त्यांची तारामती झाले होते अण्णा साळुंके.

आता लोक बोलत नाहीत त्याचं. गोधडी कधी एकटीने शिवली जाते का रे? जुन्या नाशकात आमच्या वाड्याच्या ओसरीवर दुपारी चौघीजणी चार कोपरे धरून बसायच्या. नजर धावदोऱ्यावर, त्यामुळे सासूबद्दल, नवऱ्याबद्दल, मूल राहत नाही त्याबद्दल जे तोंडातून निघायचं, ते समोरासमोर बसून कधीच निघालं नसतं. मी लहान होते, सुया ओवून द्यायचे. पण एवढं मोकळं बोलणं पुढे मी फार कमी ठिकाणी ऐकलं. तू आजवर लोकांपुढे पुरी झालेली गोधडी ठेवलीस. 'छान'शिवाय ते काय म्हणणार? हॉलच्या मधोमध सतरंजी टाक, एक अर्धवट गोधडी पसर, सुया आणि रिळं ठेव, आणि स्वतः तिथे बसून राहा. आवाज लाव, पण बारीक, बोलणं ऐकू येईल इतका. बंद व्हायच्या वेळी एखादा पोरगा येईल, भिंतीशी नुसता उभा राहील. त्याला काही विचारू नकोस. सुई ओवून दे.

आणि एक. ती पातळं तू आईला विचारून घेतली आहेस का? नसशील, तर आधी तेवढं कबूल कर. मग एखाद्या दुपारी, घरात दोघंच असताना, कोऱ्या गोधडीचं एक टोक तिच्या मांडीवर दे आणि दुसरं तू धर.