क्लच स्लिप होतोय? प्लेटा बदलण्याआधी हे बघ

मित्रा, जुन्या स्प्लेंडरचा चढावर आवाज वाढतो पण वेग वाढत नाही, म्हणजे क्लच स्लिप होतोय (आतल्या प्लेटा घसरतात, इंजिनची ताकद चाकापर्यंत पूर्ण पोचत नाही), हा तुझा अंदाज पटतो. तरी खात्री करून घे. मोकळ्या सपाट रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये ४० च्या वेगाला एकदम रेस दे. इंजिन ओरडलं आणि गाडी मागेच राहिली, तर क्लचच.

लगेच इंजिन उघडू नकोस. आधी क्लचचा लिव्हर बघ. टोकाशी साधारण १० ते २० मिमी मोकळा हलायला हवा. नवशिक्यांची सगळ्यात मोठी चूक इथेच होते: क्लच स्लिप होतोय म्हणून ते केबल आणखी ताणतात. त्याने प्लेटा अर्धवट सुटलेल्या राहतात आणि आणखी जळतात. केबल ढिली करायची असते! ती आत अडकत असेल तर बदल, स्वस्त असते.

मग ऑइल. कारचं ऑइल कुणी घातलंय का, विचार. या गाडीचा क्लच ऑइलमध्येच फिरतो, त्यामुळे डब्यावर ‘जासो एमए’ (JASO MA, अशा ऑइलमधल्या क्लचच्या बाइकसाठीचं मानक) लिहिलेलंच घे.

एवढं करूनही फरक नाही पडला, तरच प्लेटा. तेव्हा मात्र:
- स्प्रिंगाही नव्या घाल.
- नव्या फ्रिक्शन प्लेटा (घर्षणाचं अस्तर असलेल्या) बसवण्याआधी ऑइलमध्ये भिजव.
- कव्हरचं गॅस्केट (ऑइल गळू नये म्हणून मध्ये बसणारी पातळ पट्टी) नवीनच लाव.

फ्रिक्शन प्लेटांच्या मधल्या साध्या स्टील प्लेटा निळ्या पडल्या असतील तर त्याही बदल. पहिल्यांदा उघडताना प्रत्येक पायरीचा फोटो काढ, जमेल तुला. आणि चालवताना लिव्हरवर बोटं ठेवायची सवय असेल तर आजच सोड.