रविवारी रस्ता गाड्यांना बंद, पण चौकांचे काय?

प्रश्न : आमच्या शहरातला मुख्य रस्ता रविवारी सकाळी सायकली आणि पायी चालणाऱ्यांसाठी राखावा, असा प्रस्ताव आहे. आडवी वाहतूक तुंबणार नाही का?

उत्तर : चौकही बंद केलेत तर तुंबेल. कोलंबियातील बोगोटा शहरात ‘सिक्लोविआ’ हा असाच उपक्रम १९७४ पासून चालतो. दर रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी सकाळी ७ ते दुपारी २ या वेळेत शंभराहून अधिक किलोमीटर रस्ते मोकळे होतात. तिथल्या दुभाजक असलेल्या अनेक रस्त्यांवर एकच बाजू बंद करतात, दुसरीवरून गाड्या चालू राहतात. मोठ्या चौकांत आडव्या गाड्या सोडायच्या असतात, तेव्हा सायकली थांबवल्या जातात. त्यासाठी गणवेशातली माणसे लागतात; नुसते बॅरिकेड ठेवले तर दुचाकीवाले फटीतून घुसणारच.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ११५ खाली अशी बंदी घालता येते. ती महिन्याभरापुरतीच असेल तर राजपत्रात अधिसूचना लागत नाही, स्थानिक प्रसिद्धी पुरते. म्हणून आधी चार रविवारांचाच प्रयोग करा.

घोळ होतो तो आदल्या रात्री उभ्या केलेल्या गाड्यांमुळे. ‘पार्किंग बंद’चे फलक शुक्रवारीच लावा, टोइंग पहाटे. रुग्णवाहिका आणि अग्निशमन बंबासाठी एक सलग पट्टा मोकळा हवा. स्टॉल, मांडव तिथे नकोत. बॅरिकेड एका माणसाला सरकवता येतील असेच घ्या. बसचे बदललेले थांबे मात्र थांब्यावरच लिहा, समाजमाध्यमांवर ते आजीआजोबांना दिसत नाहीत.