‘चुंबकीय क्षेत्र’ : जागा की राशी?

प्रश्न असा आहे : ‘चुंबकाभोवतालच्या ज्या भागात चुंबकीय बल जाणवते तो भाग म्हणजे चुंबकीय क्षेत्र’ अशी व्याख्या शाळेत पाठ केली. मग पुढे ‘क्षेत्राची दिशा’ कशी येते? भागाला दिशा असते का?

नसते. शंका रास्त आहे आणि दोष व्याख्येचा आहे. क्षेत्र म्हणजे मुळात शेत. तीर्थक्षेत्र, पाणलोट क्षेत्र, लाभक्षेत्र, सातबाऱ्यावरचं क्षेत्र, सगळीकडे जमीनच. भौतिकशास्त्रात मात्र क्षेत्र ही राशी, म्हणजे मोजता येणारी गोष्ट, आहे, आणि अवकाशातल्या प्रत्येक बिंदूपाशी तिला दर क्षणी एक किंमत असते. खोलीतल्या प्रत्येक बिंदूचं तापमान सांगता आलं, तर ते तापमानाचं क्षेत्र झालं. तिथे नुसता आकडा पुरतो, म्हणून ते अदिश. वाऱ्याचा वेग सांगताना दिशाही लागते, म्हणून ते सदिश. चुंबकीय, विद्युत आणि गुरुत्वीय क्षेत्रं सदिश आहेत.

‘बल जाणवते’ हा भागही लंगडा आहे. चुंबकीय क्षेत्रात विद्युत प्रभार स्थिर असेल तर त्याच्यावर चुंबकीय बल शून्य असतं. तो क्षेत्राच्या दिशेतच सरकत असेल तरीही शून्य. क्षेत्र तिथे असतंच. म्हणून क्षेत्र आणि बल एक समजू नये. गुरुत्वात हे सोपं दिसतं. जमिनीलगत क्षेत्र ९.८ न्यूटन प्रति किलोग्रॅम. २ किलोची वस्तू ठेवली की बल १९.६ न्यूटन. वस्तू तिथून काढून घेतली तर बल गेलं, ९.८ तसंच राहिलं. (४०० किमी उंचीवर, अवकाशस्थानकापाशीही ते ८.७ असतं. तेव्हा ‘तिथे गुरुत्व नाही’ हे वाक्यही सोडून द्यावं.)

जागा आणि राशी यांतला फरक बेरजेत उघडा पडतो. दोन जागा एकमेकींत मिळवता येत नाहीत. एकाच बिंदूपाशी दोन क्षेत्रं आली की त्यांची सदिश बेरीज होते. कुलाब्याच्या वेधशाळेत पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या नोंदी होत. मुंबईत विजेच्या ट्राम येणार असं ठरल्यावर हे काम १९०४ मध्ये अलिबागला हलवावं लागलं. पृथ्वीचं क्षेत्र जागेनुसार साधारण २५ ते ६५ मायक्रोटेस्ला (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचं एकक, मायक्रोटेस्ला त्याचा दहा लाखावा भाग), आणि वेधशाळेला त्यातले अगदी बारीक बदल टिपायचे असतात. ट्रामच्या प्रवाहाचं क्षेत्र त्यात मिसळलं की मोजलेल्या आकड्यात पृथ्वीचा वाटा किती, हे सांगणं कठीण.

क्षेत्राची दिशा दाखवण्यासाठी काढतात त्या बलरेषांचाही असाच गैरसमज होतो. चुंबकावर कागद ठेवून त्यावर लोहकीस (लोखंडाचा चुरा) पसरला की कणांच्या साखळ्या दिसतात, म्हणून क्षेत्र त्या रेषांवरच आहे आणि मधे रिकामं, असं वाटतं. कागद पुन्हा टिचकी मारून हलवला की साखळ्या दुसरीकडे जमतात. क्षेत्र मधल्या जागेतही होतंच. एका बिंदूपाशी क्षेत्राला एकच दिशा असते, म्हणून रेषा एकमेकींना छेदत नाहीत.

लिहिताना ‘क्षेत्र मोठे आहे’ टाळावं. विस्तार मोठा की तीव्रता जास्त, ते कळत नाही. ‘चुंबकाचे क्षेत्र इथे संपते’ असंही लिहू नये. ते अंतरानुसार क्षीण होत जातं, त्याला कुंपण नसतं. ‘या बिंदूपाशी क्षेत्र उत्तरेकडे, ४० मायक्रोटेस्ला’ हे वाक्य बिनचूक. ‘तार चुंबकीय क्षेत्रात ठेवली’ हा शब्दप्रयोग मात्र रूढ आहे आणि त्यात काही बिघडत नाही.