बाप्तिस्मा म्हणजे बारसं नव्हे

प्रश्न असा आलाय: भाच्याच्या बाप्तिस्म्याची, म्हणजे पाण्याने ख्रिस्ती मंडळीत घेण्याच्या विधीची, पत्रिका करायचीय, वर 'बारसे' छापलं तर चालेल का, आणि बायबलातल्या इफिसकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात 'एकच बाप्तिस्मा' आहे तिथे एकच म्हणजे आयुष्यात एकदाच असं समजायचं का.

ताई, बारसे कृपा करून छापू नका. हा शब्द वापरलेला मी बातम्यांत, मालिकांत, अगदी चर्चच्या दारातही ऐकलाय आणि दर वेळी चिडचिड होते. बारसं बाराव्या दिवसावरून आलं आणि त्याचा जीव नावात असतो. बाप्तिस्म्याचा जीव पाण्यात आणि पिता, पुत्र, पवित्र आत्मा यांच्या नावात, बाळाचं नाव तिथे उच्चारतात खरं पण ते नसेल तर बाप्तिस्मा अडत नाही. स्वतः येशूने यार्देन नदीत योहानाकडून बाप्तिस्मा घेतला तेव्हा तो तिशीच्या आसपास होता, त्याचं काय बारसं केलं योहानाने?

दुसरं, 'बाप' या शब्दाशी याचा काडीचा संबंध नाही, ते पसरवणं थांबवा. शब्द सरळ ग्रीक आहे, बाप्तिस्मा, जसाच्या तसा. पोर्तुगीज वसईत दोनशे वर्षं होते, पाव चावी बटाटा पाद्री हे सगळं देऊन गेले, पण हा शब्द मराठीने त्यांच्याकडून घेतलेला नाही, शेवटचा 'मा' सांगतो की तो ग्रीक नव्या करारातून आलाय. वसईकडचे कॅथलिक स्नानसंस्कार म्हणतात, तोही छान शब्द आहे.

आता माझा आवडता भाग. बाप्तिस्मा ज्यातून आला ते ग्रीक 'बाप्तिझो' हे क्रियापद 'बाप्तो' वरून आलंय, आणि बाप्तो हा रंगाऱ्याचा शब्द आहे. बुडवणे हा एक अर्थ, आणि कापड रंगात बुडवून रंगवणे हा दुसरा. आपले बरेच जाणकार पहिल्या अर्थावर थांबतात आणि मग सांगतात की ग्रीकमध्ये याचा अर्थ फक्त नि फक्त पूर्ण बुडवणं, म्हणून डोक्यावर पाणी ओतलं तर तो बाप्तिस्माच नाही. हे मला अजिबात पटत नाही. लूकच्या अकराव्या अध्यायात येशू जेवणाआधी धुतल्याशिवाय बसला म्हणून परूशी, म्हणजे नियम काटेकोर पाळणाऱ्या यहूदी पंथातला एक माणूस, चकित होतो, तिथे हेच क्रियापद आहे, आणि जेवणाआधी कोणी नदीत डुबकी मारत नव्हतं. 'दिदाखे' नावाचं अगदी सुरुवातीच्या मंडळीचं पुस्तक आहे, त्यात वाहतं पाणी घ्या, नसेल तर दुसरं, तेही पुरेसं नसेल तर डोक्यावर तीनदा ओता असं स्वच्छ लिहिलंय. मग कसला फक्त नि फक्त?

तर रंगारी. १९४५ साली इजिप्तमध्ये नाग हम्मादीला जुन्या कॉप्टिक पोथ्या सापडल्या, त्यात येशूचा शिष्य फिलिप्प याच्या नावावरचं एक लिखाण आहे. मंडळीने ते कधी शास्त्र म्हणून घेतलं नाही, मीही तसं म्हणत नाही, पण भाषेसाठी ते सोनं आहे. त्यात देव रंगारी आहे असं म्हटलंय, आणि एक गोष्ट आहे की प्रभू लेवीच्या रंगशाळेत गेला, बहात्तर रंग उचलून कढईत टाकले आणि बाहेर काढले तर सगळे पांढरे! बहात्तर रंग आत, एक बाहेर. हिब्रूतही त्सेवा म्हणजे रंग, आणि इराकमधले मंदाई लोक आपल्या स्नानविधीला 'मस्बुता' म्हणतात तो शब्द त्याच घराण्यातला, अरबीतला 'सिब्गा' म्हणजे रंग हाही तिथलाच. माझं तर ठाम मत आहे की प्रेषित पौल, इफिसकरांस पत्र ज्याच्या नावावर आहे तोच, गलतीकरांना लिहितो की बाप्तिस्मा घेतलेल्यांनी ख्रिस्ताला परिधान केलंय, आणि लगेच पुढे म्हणतो की आता यहूदी नाही, ग्रीक नाही, दास नाही, स्वतंत्र नाही, तेव्हा त्याच्या मनात रंगवलेलं कापडच होतं. बाकीचे अभ्यासक इथे फक्त नवे कपडे घालण्याची प्रथा बघतात, बघोत, पण कापड आणि बाप्तो शेजारी आले की रंग दिसायलाच पाहिजे.

हां, 'एकच'. ग्रीकमध्ये एकदाच साठी 'हापाक्स' हा वेगळा शब्द आहे, तो पौलाने इथे वापरलेला नाही. तिथे आहे हेइस, मिया, हेन, म्हणजे प्रभू पुल्लिंगी, विश्वास स्त्रीलिंगी, बाप्तिस्मा नपुंसकलिंगी, आणि तिन्ही लिंगांतून 'एक' फिरवून आणलाय, मराठीत एकच प्रभू, एकच विश्वास, एकच बाप्तिस्मा झालं आणि ती गंमत गेली. अर्थ असा की सगळ्यांचा मिळून एक. बाप्तिस्मा पुन्हा देत नाहीत ही गोष्ट खरीच, पण ती या शब्दात नाही, त्यातून काढलेली आहे, आणि काढतानाही भांडण झालंच. तिसऱ्या शतकात कार्थेजचा बिशप सिप्रियन याच 'एक' वर बोट ठेवून म्हणायचा की फुटून गेलेल्यांचा बाप्तिस्मा हा बाप्तिस्माच नाही, त्यांना इथे द्या, आणि रोमचा बिशप स्तेफान म्हणायचा दिला तो दिला, पुन्हा नको.

आणि बंगालीत बाप्टिस्ट, म्हणजे पूर्ण बुडवूनच बाप्तिस्मा देणाऱ्या पंथाच्या, भाषांतरकारांनी बायबलात या शब्दाचं 'बुडवणे' असं भाषांतर केलं तेव्हा लंडनच्या बायबल सोसायटीने पाठिंबा द्यायला नकार दिला आणि १८४० मध्ये बाप्टिस्टांनी वेगळी संस्था काढली. म्हणून मला मराठीतला न उलगडलेला 'बाप्तिस्मा' प्यारा आहे, ओतणारे आणि बुडवणारे एकच पुस्तक हातात धरू शकतात. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं, सहा वेगवेगळ्या मंडळ्या एक झाल्या, त्यात बाळांना बाप्तिस्मा देणारे अँग्लिकन होते आणि मोठं झाल्यावर कबुली देऊनच घेणारे बाप्टिस्टही होते, आणि दोन्ही रीती शेजारी शेजारी ठेवल्या.

पत्रिकेवर 'बाप्तिस्मा' छापा, आणि मराठीत तो पुल्लिंगी आहे, बाप्तिस्मा झाला, झाली नाही.