वाचकांचे प्रश्न : हरकत, ग्रामसभा आणि सोमवारची फाइल

कोल्हापूर शहर आणि आसपासच्या गावांतून आलेल्या पत्रांत या वेळी रस्ते, आरक्षणे, हद्दवाढ आणि ग्रामसभा हेच विषय पुन्हा पुन्हा आले आहेत. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरे देत आहोत.

प्रश्न (राजारामपुरी) : जलवाहिनीसाठी आमच्या गल्लीतला रस्ता खोदला आणि वरून डांबराचा पातळ थर मारला. पहिल्याच पावसात चर खचला. नगरसेवकांना व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवले, ते ‘बघतो’ म्हणाले. पुढे काय करायचे?

व्हॉट्सअ‍ॅपवरच्या फोटोला आवक क्रमांक, म्हणजे कार्यालयाच्या नोंदवहीतला नंबर, मिळत नाही, आणि आवक क्रमांक नसलेल्या तक्रारीला उत्तर द्यायला कोणी बांधील नसते. त्यामुळे आधी साधा लेखी अर्ज करा. महापालिकेची गांधी मैदान, शिवाजी मार्केट, राजारामपुरी आणि ताराराणी मार्केट अशी चार विभागीय कार्यालये आहेत. तुमचा अर्ज राजारामपुरी कार्यालयाच्या उपशहर अभियंत्यांच्या नावे जाईल. दोन प्रती न्या आणि एकीवर शिक्का, तारीख व आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. ‘रस्ता खराब आहे’ एवढे लिहून भागत नाही. कोणत्या घरापासून कोणत्या घरापर्यंत, चराची लांबी-रुंदी किती, कोणत्या तारखेला खचला, हे लिहा आणि तारखेसह फोटो जोडा.

दुरुस्ती कोणाच्या गळ्यात पडते हे रस्ता कोणी खोदला यावर ठरते. पाइप टाकण्याच्या ठेक्यातच रस्ता पूर्ववत करण्याचे काम धरले असेल तर जबाबदारी ठेकेदाराची. गॅस किंवा केबलवाल्यांनी परवानगी घेऊन खोदले असेल, तर ते पुनर्स्थापनेचे पैसे सहसा महापालिकेकडे भरतात आणि मग दुरुस्ती महापालिकेनेच करायची असते. हे न तपासता तक्रार केली की दोन विभाग एकमेकांकडे बोट दाखवतात आणि अर्ज मध्येच लोंबकळतो.

हे तपासायला माहिती अधिकाराचा अर्ज लगेच लागत नाही. राज्य शासनाच्या नोव्हेंबर २०१८ च्या परिपत्रकानुसार जिल्हास्तरीय कार्यालये आणि स्थानिक स्वराज्य संस्थांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळात नागरिकांना अभिलेख पाहता येतो. ही सोय फार कमी लोक वापरतात, याचे वाईट वाटते. खोदाई परवानगी, कार्यादेश (ठेकेदाराला दिलेला कामाचा आदेश), अंदाजपत्रक आणि मोजमाप पुस्तिका, म्हणजे कार्यालयात जिला ‘एमबी’ म्हणतात ती, पाहायला मागा. एमबीत चर भरण्याच्या नोंदी बघा. भराव १५ ते २० सेंटीमीटरच्या थरांत, पाणी मारून, दाबून भरायचा असतो. सगळी माती एकदम ढकलून वर खडी-डांबर टाकले तर पावसाचे पाणी आत मुरते, माती बसते आणि वरचा थर तुटतो. एमबीत थर आणि दबाई दाखवून पैसे दिलेले असतील आणि जागेवर चर खचलेला असेल, तर तुमच्या अर्जाला खरे वजन येते.

कार्यादेशात ‘दोषदायित्व कालावधी’ शोधा. त्या मुदतीत झालेले नुकसान ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करायचे असते, आणि तोवर त्याची अनामत रक्कम कार्यालयाकडे असते. अर्जात स्पष्ट मागणी करा : ‘दोषदायित्व कालावधी सुरू असल्याने दुरुस्ती करून घ्यावी, त्याआधी अनामत परत करू नये.’ अनामत एकदा सुटली की ठेकेदाराला परत बोलावणे जवळजवळ अशक्य होते.

फाइल दाखवली नाही तर माहिती अधिकार आहेच. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्दांची मर्यादा. एकाहून जास्त विषय घातले तर माहिती अधिकारी पहिल्याचेच उत्तर देऊन बाकीच्यांसाठी वेगळे अर्ज करायला सांगू शकतो. ‘रस्ता निकृष्ट का झाला?’ असे विचारू नका. कारणे शोधून देणे त्याच्यावर बंधनकारक नाही. ‘अमुक कामाच्या कार्यादेशाची व एमबीच्या संबंधित पानांची प्रत द्यावी’ असे मागा. ३० दिवसांत उत्तर नाही आले तर पुढच्या ३० दिवसांत पहिले अपील, फी २० रुपये. तिथेही दाद मिळाली नाही तर ९० दिवसांत दुसरे अपील राज्य माहिती आयोगाच्या पुणे खंडपीठाकडे.

दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो, म्हणजे अधिकारी समोर बसून लोकांच्या तक्रारी ऐकतात. त्यासाठी विहित नमुन्यातला अर्ज १५ दिवस आधी द्यावा लागतो आणि तक्रार वैयक्तिक स्वरूपाची लागते. ‘शहरातले रस्ते सुधारा’ हा अर्ज तिथे टिकणार नाही. ‘माझ्या दारासमोरचा चर खचून पाणी घरात येते, अमुक तारखेच्या अर्जावर कार्यवाही नाही’ हा टिकेल. पहिल्या सोमवारी अधिकारी या बैठकीत गुंतलेले असतात, त्यामुळे फाइल बघायला दुसरा-तिसरा सोमवार गाठा.

प्रश्न (शिवाजी पेठ) : आमच्या भागातल्या मैदानाच्या जागेचे आरक्षण बदलण्याची नोटीस वर्तमानपत्रात आली आहे. आमच्या तालीम मंडळाने पाचशे सह्यांचे निवेदन आयुक्तांना दिले. एवढे पुरे आहे का?

नाही. निवेदन आणि हरकत या कायद्याच्या नजरेत वेगळ्या गोष्टी आहेत. नोटीस पुन्हा वाचा. ती बहुधा महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ खालची असेल. मंजूर विकास योजनेत किरकोळ फेरबदल करण्याचे हे कलम आहे. त्यात नोटिशीच्या तारखेपासून एक महिन्याच्या आत कोणीही हरकत किंवा सूचना देऊ शकतो. तुम्ही जागेचे मालक असण्याची गरज नाही. मुदत नोटिशीवरच्या तारखेपासून धरा, पेपर तुमच्या हातात आला त्या दिवसापासून नको. शेवटच्या दोन दिवसांवरही ठेवू नका.

हरकत नोटिशीत दिलेल्या अधिकाऱ्याच्याच नावे द्या. नोटिशीचा क्रमांक व तारीख, जागेचा सिटी सर्व्हे किंवा रि. स. (रिव्हिजन सर्व्हे) नंबर, सध्याचे आरक्षण, प्रस्तावित बदल, हे पहिल्याच परिच्छेदात यावे. त्याखाली मुद्दे. ‘आमच्या भावना दुखावतील’ हा मुद्दा अहवालात एका ओळीत निकाली निघतो. या मैदानावर आज कोणत्या शाळा व तालमी खेळतात, अर्ध्या-एक किलोमीटरच्या आत दुसरी मोकळी जागा आहे का, प्रस्तावित वापराने त्या अरुंद रस्त्यावर किती वाहने वाढतील, पावसाचे पाणी आज कुठे मुरते, हे लिहाल तर अधिकाऱ्याला प्रत्येक मुद्द्याचे उत्तर द्यावे लागते. नगररचना विभागातून भाग नकाशाची, म्हणजे विकास योजनेतल्या तुमच्या भागाच्या नकाशाची, प्रत घेऊन जोडा. शेवटी न चुकता लिहा : ‘मला प्रत्यक्ष सुनावणीची संधी द्यावी.’ पूर्ण पत्ता आणि मोबाइल नंबर घाला, कारण अपुऱ्या पत्त्यामुळे सुनावणीची नोटीस परत जाते आणि ‘हरकतदार गैरहजर’ अशी नोंद होते.

पाचशे सह्यांचे काय? सह्या जोडाच, पण एका मजकुराच्या छापील प्रतींवर पाचशे जणांनी सही केली तर अहवालात ती एकाच मुद्द्याची हरकत म्हणून एकत्र उरकली जाते. त्यापेक्षा पंधरा-वीस वेगवेगळ्या हरकती जास्त कामाच्या : क्रीडाशिक्षकाची वेगळी, शेजारच्या घरमालकाची वेगळी, दुकानदाराची वेगळी, सकाळी फिरायला येणाऱ्या ज्येष्ठांची वेगळी. प्रत्येकाने आपल्याला जे बाधते तेच लिहावे.

सुनावणीला एक पानी टिपण दोन प्रतींत न्या, एक देऊन दुसरीवर पोच घ्या. तोंडी बोललेले इतिवृत्तात कसे उतरेल हे तुमच्या हातात नसते. अंतिम मंजुरी राज्य शासन देते, त्यामुळे हरकतीची पोच आणि टिपणाची प्रत नगरविकास विभागालाही पाठवा.

हे सगळे मोर्चाच्या आधी करायचे. कोल्हापूरकरांना आंदोलन शिकवावे लागत नाही. शहराच्या रस्ते प्रकल्पावरचा टोल डिसेंबर २०१५ मध्ये कायमचा बंद झाला तो लोक रस्त्यावर उतरले म्हणूनच. पण तेव्हा करार होऊन रस्तेही झाले होते, म्हणून लढा इतका लांबला. मसुदा टप्प्यावरच्या हरकतीला जी किंमत असते ती करारानंतरच्या सहीला नसते.

प्रश्न (उचगाव) : आमच्याकडे ग्रामसभा ‘गणपूर्ती नाही’ म्हणून तहकूब होते आणि नंतर ठराव झाल्याचे कळते. हे नियमात बसते का?

बसते, आणि तिथेच खरी गोम आहे. ग्रामसभेची गणपूर्ती, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल ती. मोठ्या गावात १०० माणसे पुरतात. ती नसली तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. म्हणजे पहिल्या सभेला तुम्ही कमी आलात तर पुढच्या सभेत मोजके लोक तुमच्या गावाचा ठराव करू शकतात. फक्त तिथे नवा विषय घेता येत नाही, मूळ विषयपत्रिकेवरचेच चालतात. म्हणून विषयपत्रिकेचा फोटो पहिल्याच दिवशी काढून ठेवा. तहकूब सभेत बाहेरचा विषय शिरला तर तो फोटोच तुमचा पुरावा.

आर्थिक वर्षात किमान चार ग्रामसभा व्हायला हव्यात आणि सर्वसाधारण सभेची सूचना सात दिवस आधी निघायला हवी. नियमित ग्रामसभेआधी महिलांची स्वतंत्र सभा घ्यायची असते. ती कागदोपत्री उरकली जात असेल तर गावातल्या बचत गटांनी एकत्र जाऊन कार्यवृत्त मागावे. तुमचा विषय तोंडी ‘आयत्या वेळच्या विषयांत’ टाकू नका. सूचना निघण्याच्या आधी सरपंच व ग्रामसेवक (आता पदनाम ग्रामपंचायत अधिकारी) यांना लेखी देऊन पोच घ्या. सभा संपताना ठराव वाचून दाखवायला सांगा आणि सूचक-अनुमोदकाची नावे लिहिली गेली का ते पाहा. कोऱ्या कार्यवृत्तावर आधी सह्या करण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. तशी सही कोणी मागितली तर देऊ नका.

गटार किंवा पाण्याच्या कामाला पैसे आहेत आणि रस्त्याला नाहीत, असे उत्तर मिळाले तर ते टाळाटाळीचेच असेल असे नाही. १५ व्या वित्त आयोगाच्या २०२१–२६ या काळातल्या निधीतला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेलाच बांधून दिलेला आहे. रस्ता हवा असेल तर तो उरलेल्या भागातून मागावा लागतो, आणि गावाचा वार्षिक विकास आराखडा ठरताना मागावा लागतो. गावाचा आराखडा ई-ग्रामस्वराज पोर्टलवर कोणालाही पाहता येतो.

प्रश्न (कळंबा) : हद्दवाढीला ग्रामसभेने विरोधाचा ठराव केला. आता गाव शहरात जाणार नाही ना?

तशी हमी नाही. कोल्हापूरची महापालिका १५ डिसेंबर १९७२ ला झाली, पण शहराची हद्द तेव्हापासून वाढलेली नाही. ती बदलण्याचा अधिकार महापालिका अधिनियमाच्या कलम ३ खाली राज्य शासनाला आहे. ग्रामसभेचा ठराव हा त्या निर्णयापुढचा एक कागद आहे, नकाराधिकार नव्हे. मात्र अधिसूचना काढण्याआधी मसुदा प्रसिद्ध करून हरकती-सूचना मागवणे शासनावर बंधनकारक आहे. त्या मुदतीत ठरावाची प्रमाणित प्रत जोडून हरकत पुन्हा द्या. आधी ठराव झाला आहे म्हणून स्वस्थ बसाल तर अधिकृत नोंदीत तुमचा विरोध दिसणारच नाही.

शहरातल्या समर्थकांनाही हेच लागू. घरफाळा किती बदलेल, पाणी कोणत्या योजनेतून येईल, २०१७ मध्ये ४२ गावांसाठी स्थापन झालेल्या विकास प्राधिकरणाच्या बांधकाम परवानग्यांचे काय होईल, असे ठोस प्रश्न दोन्ही बाजूंनी लेखी विचारले तर चर्चा घोषणांच्या पुढे जाईल.

प्रश्न (मंगळवार पेठ) : गावाला ग्रामसभा आहे, मग शहरातल्या आम्हा लोकांना काय?

क्षेत्रसभा. २००९ मध्ये महापालिका अधिनियमात ही तरतूद आली. दोन ते पाच मतदान केंद्रांतल्या मतदारांची ही सभा नगरसेवकाने दोन वर्षांत किमान चार वेळा घ्यायची आहे. घोडे अडते ते एका ठिकाणी : क्षेत्रांच्या हद्दी आधी अधिकृतपणे ठराव्या लागतात. त्यामुळे पहिला अर्ज नगरसेवकाकडे नको, आयुक्तांकडे करा. ‘आमच्या प्रभागातील क्षेत्रे निश्चित झाली आहेत का, त्याची प्रत द्यावी’ असे विचारा. ठरली असतील तर नगरसेवकाकडे सभेची मागणी करा, नसतील तर हद्दी ठरवण्याची. शिवाय तीन लाखांवर लोकसंख्येच्या शहरात प्रभाग समित्या असतात आणि त्यांवर सामाजिक संस्थांचे तीनपर्यंत प्रतिनिधी घेता येतात. तुमचे मंडळ नोंदणीकृत असेल तर ही जागा मागायला कचरू नका.

प्रश्न (कसबा बावडा) : काम सुचवले की ‘बजेटमध्ये नाही’ हे उत्तर ठरलेले. बजेटमध्ये घालायचे कसे?

वेळेवर. आयुक्तांचे अंदाजपत्रक स्थायी समितीकडे आणि तिथून महासभेकडे, म्हणजे सर्व नगरसेवकांच्या सभेकडे, जाते, नवे वर्ष १ एप्रिलला सुरू होते. मार्चमध्ये केलेली मागणी पुढच्या वर्षावर गेली असे समजा. काम ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येच विभागीय कार्यालयाला लेखी सुचवा आणि अभियंत्याला जागा दाखवून ढोबळ खर्च काढून घ्या, कारण रकमेशिवायची मागणी कोणत्याच लेखाशीर्षाखाली (खर्चाच्या खात्यात) बसत नाही. पुणे महापालिका २००६–०७ पासून नागरिकांकडून अशी कामे मागवते. आपल्याकडेही तशी मागणी एकत्र येऊन करायला हरकत नाही. काम छापून आले तरी रक्कम पाहा. लाखभराची टोकन तरतूद म्हणजे काम सुरू होईल अशी खात्री नव्हे, आणि वर्षअखेरीस निधी दुसरीकडे वर्गही होतो.

प्रश्न (उत्तरेश्वर पेठ) : महासभा चालू असताना सामान्य माणसाला आत बसता येते का?

येते. सभा लोकांसाठी खुली असते, उपस्थित सदस्यांनी बहुमताने वेगळे ठरवले तरच ती बंद दाराआड होते. बोलता येणार नाही, फक्त ऐकायचे. विषयपत्रिका आदल्या दिवशी नगरसचिव कार्यालयातून पाहून घ्या. इतिवृत्तही ठरलेले शुल्क भरून पाहता येते, आणि त्यात आपला नगरसेवक कोणत्या विषयावर काय बोलला हे सापडते.