खाणीवरचा रहाट

एका वाचकाने विचारले आहे : 'सोळाव्या शतकातील खाणकामाच्या चित्रांविषयी मराठीत लिहीत आहे. खाणीच्या तोंडाशी दोन माणसे दांडे फिरवून दोराने बादली वर ओढतात, त्या यंत्राला रहाट म्हणावे की रहाटगाडगे? हे दोन्ही शब्द एकच ना?'

एकच नव्हेत. 'रहाट' हा संस्कृत 'अरघट्ट' या शब्दापासून प्राकृतातून आलेला, आणि मराठीत अर्थाने बराच सैल झालेला शब्द आहे. घरच्या विहिरीवरच्या कप्पीलाही रहाट म्हणतात आणि बैलाने फिरवलेल्या मोठ्या चाकालाही. 'रहाटगाडगे' मात्र नेमके आहे : त्यात चाकावरून गाडग्यांची अखंड माळ फिरते, भरलेली गाडगी वर येतात आणि रिकामी खाली जातात. संसाराला रहाटगाडगे म्हणतात ते या न थांबणाऱ्या फेऱ्यावरूनच.

आपण सांगता ती चित्रे बहुधा आग्रिकोला या जर्मन विद्वानाच्या, खाणकाम व धातूंविषयीच्या 'दे रे मेतालिका' या 1556 साली स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे छापलेल्या लॅटिन ग्रंथातील असावीत. त्याच्या सहाव्या भागात आपल्या प्रश्नातले यंत्र आहे : दोन खांबांवर आडवा ओंडका, त्याच्या टोकांना दांडे, ओंडक्यावर गुंडाळला जाणारा दोर. येथे माळ नाही, गाडगी नाहीत; तेव्हा 'हातरहाट' हा शब्द योग्य वाटतो. त्याच भागात साखळीला भांडी लावून खाणीतले पाणी उपसणारे यंत्रही दाखवले आहे, आणि त्याला रहाटगाडगे म्हटल्यास मराठी वाचकाला चित्र न पाहताही ते समजेल.

खरी अडचण सर्वांत मोठ्या यंत्राच्या चित्रात येते. तेथे 36 फूट व्यासाचे पाणचाक आहे आणि त्याच्या घेरावर उलटसुलट तोंडाच्या कप्प्यांच्या दोन रांगा आहेत. उंचावर बसलेला माणूस एका किंवा दुसऱ्या रांगेवर पाणी सोडतो, त्याप्रमाणे चाक सुलट किंवा उलट फिरते आणि कातड्याची प्रचंड पिशवी वर येते किंवा खाली जाते. कप्पे पाहून यालाही रहाटगाडगे म्हणण्याचा मोह होतो, पण काम नेमके उलट आहे : रहाटगाडग्यात चाक पाण्याला उचलते, येथे पाणी चाकाला फिरवते. 'पाणचक्की' म्हणावे तर चक्की म्हटली की दळण आले. म्हणून मी 'दुतोंडी पाणचाक' असे सरळ वर्णन करीन. कातड्याच्या पिशवीला मात्र 'मोट' हा आपला शब्द हातचा आहे. तो सोडून 'चर्मपात्र' कशाला घडवावे?

या बाबतीत मूळ लेखकाचीही स्थिती आपल्यासारखीच होती. खाणीतील कामगार जर्मन बोलत आणि ग्रंथ लॅटिनमध्ये लिहायचा होता. जुन्या लॅटिनमध्ये या यंत्रांना नावेच नसल्याने आग्रिकोलाला ती बनवावी लागली, आणि त्यांचा अर्थ लावताना पुढच्या अनुवादकांची दमछाक झाली. तरीही ग्रंथ उमगतो, कारण चित्रात भागाभागावर अक्षरे घातली आहेत आणि मजकुरात त्याच अक्षरांचा खुलासा आहे. आपल्या लेखातही ती अक्षरे कायम ठेवावीत, असे मला आग्रहाने वाटते.

जाता जाता एक. आपण या चित्रांना 'कोरीव रेषांची चित्रे' म्हटले आहे. लाकडी ठशात रेषेभोवतालचे लाकूड कोरून काढतात, रेषा उंच राहते आणि तिच्यावर शाई लागते. रेषा स्वतः कोरली जाते ती तांब्याच्या पत्र्यावर. तेथे शाई खाचेत बसते. रामेल्ली या इटालियन अभियंत्याच्या 1588 सालच्या यंत्रग्रंथातील चित्रे त्या दुसऱ्या प्रकारची आहेत; आग्रिकोलाची मात्र लाकडी ठशांची आहेत. तेव्हा आपल्या चित्राखाली 'हातरहाटाने बादली ओढणारे खाणकामगार. लाकडी ठशावरून छापलेले चित्र, 1556' एवढे पुरे.