वीज कोराडीची, मग दाखला सौर विजेचा कसा?

तुमचा प्रश्न असा: हिंगण्यातल्या तुमच्या कारखान्याला परदेशी ग्राहक नवीकरणीय विजेचा दाखला मागतोय. वीज तर कोराडी-खापरखेड्याच्या कोळशाची, मग हा दाखला म्हणजे नुसता कागदच नाही का?

मी बुटीबोरीत एका कारखान्याची वीजबिलं सांभाळतो, त्यामुळे हा प्रश्न मलाही पडून गेलाय. तारेतली वीज ओळखता येत नाही, हे तुमचं म्हणणं खरं आहे. गावच्या डेअरीत सगळ्यांचं दूध एकाच कॅनमध्ये जातं, पण कोणी किती लिटर घातलं ते वहीत असतं. दाखला म्हणजे ती वही.

आपल्याकडे ही वही 2010 मध्ये सुरू झाली. प्रकल्पाने 1,000 युनिट हरित वीज ग्रिडमध्ये घातली की त्याला एक आरईसी, म्हणजे नवीकरणीय ऊर्जा प्रमाणपत्र, मिळतं; ते देशभरची ग्रिड सांभाळणारं राष्ट्रीय भार प्रेषण केंद्र देतं आणि वीज बाजारात ते विकलं जातं. महिन्याला 40,000 युनिट लागत असतील तर 40 आरईसी. वितरण कंपनीला आधीच हरित म्हणून विकलेल्या विजेवर आरईसी मिळत नाही, नाहीतर एकच वीज दोघांच्या हिशेबात जाईल.

सगळा जीव या दोनदा न मोजण्यात आहे. आम्हाला एका मध्यस्थाने स्वस्तात दाखले दिले होते. कागद देखणा, शिक्काही होता. पण वीज कोणत्या प्रकल्पाची, कोणत्या महिन्याची, आणि दाखले आमच्या नावावर रद्द झालेत का, यातलं काहीच त्यावर नव्हतं. ग्राहकाच्या लेखापरीक्षकाने तो मान्य केला नाही. पैसे गेले, त्याहून जास्त लागलं ते असं की वर्षभर आम्ही मनापासून केलेला दावा खोटा ठरला. रद्द होणं म्हणजे वापरलेलं तिकीट फाडणं, तेच दुसऱ्याला विकता येऊ नये म्हणून. त्याचा पुरावा हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका. आणि सगळ्यात आधी ग्राहकाला विचारा, आपलं आरईसी चालेल की आंतरराष्ट्रीय आय-आरईसीच हवं. ही दोन वेगळी खाती आहेत.

यातून नवे प्रकल्प उभे राहतात का? माझं मत, दाखल्याला भाव असेल तरच. 2012 मध्ये सौर आरईसीची किमान किंमत 9,300 रुपये होती, 2017 मध्ये 1,000 वर आली. पॅनल स्वस्त झाले हे एक कारण. पण वितरण कंपन्यांवर ठरावीक हरित वीज घेण्याचं बंधन असताना ते नीट पाळलं गेलं नाही, आणि दाखले लाखोंनी पडून राहिले, याचं मला आजही वाईट वाटतं. 2022 च्या नव्या नियमांत किमान-कमाल किंमत गेली आणि दाखला विकला जाईपर्यंत त्याची मुदत संपत नाही. म्हणजे बाजारात जुने दाखलेही असू शकतात, म्हणून वीज कोणत्या वर्षी तयार झाली, हे जरूर पाहा.

छतावर सौर बसवलंत तर आणखी एक बघा: नेट मीटरिंगमधली (जादा वीज ग्रिडला देऊन ती बिलात वळती करून घेण्याची सोय) तुमची वीज वितरण कंपनी स्वतःच्या बंधनात मोजू शकते. करारात काय लिहिलंय ते वाचूनच दावा करा.

महावितरणकडून युनिटमागे जादा दर देऊनही हरित वीज मागता येते. राज्याच्या वीज नियामक आयोगाने 2021 मध्ये तो 66 पैसे ठरवला होता, आजचा दर कार्यालयात विचारून घ्या. मंजूर भार 100 किलोवॅट किंवा जास्त असेल तर केंद्राच्या 2022 च्या नियमांनी थेट प्रकल्पाकडून हरित वीज घेण्याची वाट मोकळी केली आहे. तुमच्या जागी मी दाखल्यांच्या आधी या थेट खरेदीची चौकशी केली असती, कारण त्या करारावर एखाद्या नव्या प्रकल्पाला बँक कर्ज देते.